हिशेबाची पानं गाळलेली नाहीत

महाराष्ट्रातल्या शाळेत शिकलेल्या कितीतरी लोकांच्या जुन्या फायलीत एलिमेंटरी किंवा इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेचं प्रमाणपत्र असतं. वस्तुचित्रासाठी टेबलावर तांब्या, खाली चुण्या पाडून अंथरलेलं फडकं, शेजारी एखादं फळ. स्मरणचित्राला बाजार, बसस्टॉप नाहीतर सार्वजनिक नळ. मग संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन. निकाल लागतो, घरात पेढे वाटले जातात आणि रंगपेटी माळ्यावर जाते. थोडीच मुलं तिला माळ्यावर जाऊ देत नाहीत. पुढची चाळीस-पन्नास वर्षं सकाळी उठून चित्र किंवा शिल्प हेच आपलं काम, असं मानून ती बसतात. हा संग्रह त्या थोड्यांचा आहे. आपण कसे जगलो आणि काम करताना मनात काय चाललं होतं, हे ज्यांनी स्वतः लिहून ठेवलं, त्यांच्या वह्या, पत्रं, टिपणं आणि भाषणं इथे एकत्र केली आहेत.

याची सुरुवात एका चोपडीपासून झाली. गिरगावातल्या एका चाळीत दोन खोल्यांत राहणारे एक वृद्ध चित्रकार माझ्या ओळखीचे होते. त्यांच्या मागे घर रिकामं करायचं ठरलं, तेव्हा मी मदतीला गेलो. चित्रं नातेवाइकांनी वाटून घेतली होती. दाराशी रद्दीचा गठ्ठा बांधून ठेवला होता आणि त्यात लाल कापडी पाठीची, वाण्याकडे असते तशी लांबोडकी चोपडी होती. मी ती उघडली. डाव्या पानावर हिशेब होता: फ्लेक व्हाइटच्या ट्यूबा, टर्पेंटाइन, फ्रेमवाल्याची राहिलेली बाकी, दूध, विजेचं बिल. उजव्या पानावर, त्याच तारखांना, एका पिवळ्या रंगाबद्दल लिहिलं होतं. तो पिवळा मागे जायला हवा होता आणि जात नव्हता. तीन दिवस त्यांनी तो खरवडला, पुन्हा लावला, शेजारचा करडा बदलून पाहिला. चौथ्या दिवशी एकच ओळ होती. दोष पिवळ्याचा नसून चित्राच्या खालच्या कडेचा आहे, असं त्यांच्या लक्षात आलं होतं.

मी ती चोपडी घरी आणली आणि उजवी पानं टंकून काढली. डावी पानं खासगी वाटली, शिवाय निरुपयोगीही. आठवड्याभराने टंकलेला मजकूर सलग वाचला तर त्याचे सांधेच निखळले होते. दोन महिने हा माणूस एकाएकी पुठ्ठ्यावर का रंगवू लागला? चित्रं वीतभर का झाली? रंग इतका पातळ का केला? उत्तर डावीकडे होतं. त्या दोन महिन्यांत कॅनव्हासला पैसे नव्हते. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट मला नंतर दिसली. पुढे पैसे आले, कॅनव्हासची नोंदही आली, तरी ते आकार लहानच ठेवत राहिले. पातळ रंगातून खालचा पुठ्ठा दिसतो, त्यात त्यांना स्वतःचं काहीतरी सापडलं होतं. अडचण म्हणून सुरू झालेली गोष्ट आता त्यांचा विचार झाली होती. डावं पान फाडलं की हा विचार जन्माला कुठे आला, ते कळत नाही. या संग्रहाचं संपादन करताना मी एकच नियम पाळला आहे: कोणाचीही हिशेबाची पानं गाळलेली नाहीत.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या वाचकासाठी मागचा रस्ता थोडा दाखवला पाहिजे.

मुंबईत सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून 1857 मध्ये कलाशाळा सुरू झाली, तीच ‘जे. जे.’. इंग्रजांच्या मनात तेव्हा ‘कलावंत’ घडवण्याचा विचार फारसा नव्हता. त्यांना सुतार, लोहार, कुंभार, नक्षीकार यांचे हात उद्योगाला उपयोगी पडतील असे तयार करायचे होते. त्या शाळेतून चित्रकार निघाले, ते शिक्षणात पुढे झालेल्या बदलांमुळे आणि विद्यार्थ्यांच्या हट्टामुळे. जॉन ग्रिफिथ्स यांनी आपले विद्यार्थी अजिंठ्याला नेले आणि 1872 पासून बारा-तेरा वर्षं तिथल्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या. एकीकडे युरोपीय पद्धतीचं मानवाकृतीचं रेखाटन आणि दुसरीकडे अजिंठ्याची भिंत, अशा दोन गुरूंच्या हाताखाली आपली चित्रकला वाढली. पुढची शंभर वर्षं तिच्यात जे वाद झाले, त्यांचं मूळ इथेच आहे.

मराठी शब्दांतही हा इतिहास साठलेला आहे. ‘कारागीर’ आणि ‘कलावंत’ यांच्यातली भिंत आपण फार उशिरा बांधली. कोल्हापुरात बाबूराव मेस्त्री हे पडदे रंगवता रंगवता, कॅमेरा बनवता बनवता, चित्रपट काढता काढता ‘बाबूराव पेंटर’ झाले. तिथे ‘पेंटर’ हा शब्द आडनावाच्या मानाचा ठरला. त्याच गावात आबालाल रहिमान यांनी शाहू महाराजांच्या आश्रयाने काम केलं आणि कोटितीर्थाच्या परिसरात एकांतात राहून निसर्गचित्रं रंगवली. दरबार, नाटक कंपनी आणि नंतर सिनेमा यांच्या आधाराने कोल्हापूरचा चित्रकार जगला. मुंबईच्या चित्रकाराला छापखाना, प्रदर्शन आणि शिक्षकाची नोकरी यांचा आधार होता. उत्पन्नाची वाट बदलली की चित्रही बदलतं. दोन शहरांच्या चित्रांतला फरक मला आधी इथे दिसतो, शैलीचा विचार त्यानंतर येतो.

मराठीत चित्रकाराने स्वतःच्या आयुष्याबद्दल लिहिण्याची परंपरा सांगायची तर महादेव विश्वनाथ धुरंधरांपासून सांगावी. ते 1890 मध्ये जे. जे.त विद्यार्थी म्हणून आले आणि 1931 मध्ये अध्यापक म्हणून निवृत्त झाले. ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे त्यांचं आत्मकथन 1940 मध्ये आलं. आज ते वाचताना जाणवते ती त्यांच्या कामाची अफाट पसारेदार शिस्त. पुस्तकांसाठी चित्रं, पोस्टकार्डं, जाहिराती, पौराणिक आणि ऐतिहासिक प्रसंग, व्यक्तिचित्रं, आणि रोजचे वर्ग. पोटासाठी केलेलं आणि मनासाठी केलेलं, असे दोन कप्पे त्यांनी केलेले दिसत नाहीत. त्यांच्या कन्या अंबिका धुरंधर याही जे. जे.च्या पदविकाधारक चित्रकार. ‘माझी स्मरणचित्रे’ हे त्यांचं आत्मकथन वडिलांच्या पुस्तकाशेजारी ठेवून वाचावं. एकच घर, एकच कलामंदिर, पण मुलीसाठी त्या दाराची उंची वेगळी होती.

विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात सावळाराम हळदणकर, आन्तोनिओ शावियेर त्रिंदाद अशा चित्रकारांनी मुंबईतली वास्तवदर्शी परंपरा, विशेषतः जलरंग आणि व्यक्तिचित्रण, फार वर नेली. जे. जे.चे प्रमुख ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी भित्तिचित्रांचा वर्ग काढून ‘भारतीयत्वा’चा आग्रह धरला. तिकडे बंगालमध्ये त्याच आग्रहाची वेगळी वाट आधीच निघाली होती आणि दोन्ही गटांत बरीच वर्षं तेढ राहिली. गोव्याचे आंजेलु द फोन्सेका मुंबई सोडून बंगालमध्ये अवनींद्रनाथ टागोरांकडे शिकले. त्यांनी मरियमेला साडी नेसवली. त्यावरून गोव्यात रोष झाला आणि पुढे ते पुण्याच्या आश्रमात राहून काम करत राहिले. शैलीचा वाद एखाद्याला राहतं गाव सोडायला लावू शकतो, हे त्यांच्या आयुष्यात दिसतं.

1947 च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे, म्हणून मी इथे थोडक्यात सांगतो. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे हे त्यातले सहा जण. मात्र त्यांच्या क्रांतीची कथा सांगताना एक गोष्ट नेहमी वगळली जाते. पंढरपुरात जन्मलेले हुसेन मुंबईत सिनेमाचे फलक रंगवत होते. आरा घरगडी म्हणून राबले होते. हुसेनांच्या रेषेतला जोर आणि घाई युरोपच्या पुस्तकांतून आली तेवढीच फलकाच्या परांचीवरूनही आली. मचाणावर उभं राहून दहा फुटी चेहरा रंगवणाऱ्याचा हात नंतर कॅनव्हाससमोर वेगळाच चालतो.

वासुदेव गायतोंडे यांच्यापाशी मात्र थांबायला हवं. गिरगावातल्या चाळीतून आलेला हा माणूस 1948 मध्ये जे. जे.तून बाहेर पडला. पुढे ब्रीच कँडीच्या भुलाभाई देसाई स्मारक संस्थेत त्यांना काम करायला जागा मिळाली. समुद्रालगतच्या त्या वास्तूत नाटकवाले, संगीतकार, चित्रकार शेजारी शेजारी काम करत होते. ती जागा नसती तर त्या काळातली मुंबईची कला कशी झाली असती, हा प्रश्न मला नेहमी पडतो. 1972 मध्ये ते दिल्लीला गेले आणि निजामुद्दीनमध्ये एकटे राहिले. वर्षाला मोजकेच कॅनव्हास करत. रोलरने रंगाचे थर चढवायचे, पॅलेट नाइफने काढायचे, ओल्या रंगावर कागदाचे तुकडे ठेवून दाबायचे आणि उचलायचे. रंगवण्याच्या वेळेपेक्षा बसून राहण्याचा वेळ कितीतरी जास्त. 1984 च्या अपघातात मानेला इजा झाली, तेव्हा मोठे कॅनव्हास थांबले आणि कागदावर शाईची लहान कामं सुरू झाली. 2001 मध्ये ते गेले. 2013 मध्ये मुंबईच्या लिलावात त्यांच्या एका चित्राला 23.7 कोटी रुपये मिळाले आणि वर्तमानपत्रांनी त्यांचं नाव पहिल्या पानावर घेतलं. तो आकडा खोटा नाही, पण त्यांच्या आयुष्याबद्दल तो काहीही सांगत नाही. चित्रकार होऊ पाहणाऱ्या मुलामुलींनी त्यांच्याकडून घ्यायचं ते त्या बसून राहण्यातलं आहे.

गायतोंडे जवळजवळ लिहीत नसत. प्रभाकर बरवे लिहीत असत, सतत लिहीत असत. नागावला 1936 मध्ये जन्मलेले बरवे जे. जे.तून बाहेर पडल्यावर विणकर सेवा केंद्रात नोकरीला लागले, आधी बनारसला, नंतर मुंबईला. 1982 पर्यंत ते तिथे होते. या सरकारी केंद्रांनी अंबादास, बरवे अशा चित्रकारांना पगार दिला, आणि कापडाच्या नक्षीशी रोज गाठ घालून दिली. पान, घड्याळ, शिंपला, टाचणी अशा साध्या वस्तू बरव्यांच्या चित्रांत एनॅमलच्या सपाट, चकचकीत रंगात येतात आणि एकमेकींपासून विशिष्ट अंतरावर थांबतात. ते अंतर हाच त्यांचा विषय होता. ‘कोरा कॅनव्हास’ हे 1990 चं त्यांचं पुस्तक चित्रकाराने मराठीत केलेल्या विचाराचा मला आजवरचा सर्वांत उंच बिंदू वाटतो. वस्तू, आकार, अवकाश यांच्याबद्दल त्यात जे आहे ते कुठल्याही परभाषेतून उसनं घेतलेलं नाही. ब्रश हातात असलेल्या माणसाने, ब्रश खाली ठेवून, आपल्या बोलीत केलेला तो विचार आहे.

हे ठासून सांगण्याचं कारण आहे. मराठीत सौंदर्यविचार कमी झालेला नाही. मर्ढेकरांचं ‘सौंदर्य आणि साहित्य’, रा. भा. पाटणकरांचं ‘सौंदर्यमीमांसा’, प्रभाकर पाध्यांचं ‘सौंदर्यानुभव’ हे ग्रंथ कोणत्याही भाषेला अभिमान वाटावा असे आहेत. पण ते पाहणाऱ्याच्या, वाचणाऱ्याच्या, तत्त्वज्ञाच्या खुर्चीतून लिहिलेले आहेत. द. ग. गोडसे यांनी ‘पोत’मध्ये वेगळी गोष्ट केली. चित्रकार आणि नेपथ्यकार म्हणून कमावलेल्या नजरेने त्यांनी महाराष्ट्राच्या मातीचा, कापडाचा, वास्तूचा पोत वाचला. प्रभाकर कोलते यांचं ‘कलेपासून कलेकडे’ वाचताना शिक्षकाचा आवाज ऐकू येतो. ही दुसरी धारा बारीक आहे आणि आपण तिला किस्से, आठवणी, व्यक्तिचित्रं अशा खणांत टाकून दिली. विचार करतो तो समीक्षक आणि आठवणी सांगतो तो चित्रकार, ही वाटणी चुकीची आहे. ती मोडायला हा संग्रह हातभार लावील, अशी माझी इच्छा आहे.

अलीकडच्या वाटा आणखी फाकल्या आहेत. सुधीर पटवर्धन अनेक वर्षं ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करत होते आणि त्याच शहरातल्या कामगारांची, पुलांची, इमारतींची चित्रं रंगवत होते. माणसाच्या आतलं पाहण्याचा व्यवसाय आणि बाहेरून पाहण्याची कला एका माणसात नांदली. नागपूरच्या सावी सावरकरांनी जातीची वेदना थेट, खरखरीत रेषेत आणली. नसरीन मोहमदी यांच्या डायऱ्या इंग्रजीत आहेत, पण त्यांचा शेवटचा काळ आपल्या किहीमच्या किनाऱ्यावर गेला. आजाराने हातावरचा ताबा जात असतानाही त्यांच्या रेषा काटेकोर राहिल्या.

आणि वारली चित्रकार जिव्या सोमा मशे. वारली लग्नातला चौक सुवासिनी लिहितात. तांदळाच्या पिठाने, कुडाच्या भिंतीवर, लग्नापुरता. भास्कर कुलकर्णी हा चित्रकार मधुबनीच्या दुष्काळी भागात बायकांना कागद देऊन आल्यानंतर डहाणूकडे वळला. तिथे मश्यांची आणि त्यांची गाठ पडली. मशे रोज, लग्न नसतानाही, काढत होते. मासेमारीचं जाळं, मुंग्यांची रांग, तारपा वाजवणाऱ्याभोवतीचा फेर. त्यांनी आपल्या कामाबद्दल लेख लिहिला नाही, म्हणून विचार केला नाही असं म्हणायची हिंमत त्यांचं जाळं पाहिलेला माणूस करणार नाही. दुसऱ्यांच्या हातात कागद देता देता कुलकर्ण्यांचं स्वतःचं रंगवणं मागे पडत गेलं. कलावंताच्या जगण्याचा तोही एक प्रकार आहे, आणि त्याची नोंद आपल्याकडे फार कमी ठेवली जाते.

आज हे सगळं कशासाठी वाचायचं? दोन कारणं मला रोज दिसतात. पहिलं म्हणजे, चार शब्द टाइप केले की संगणक काही सेकंदांत चित्र काढून देतो. जाहिरात, मुखपृष्ठ, दिवाळी अंकातलं रेखाचित्र, ज्यांच्या आधाराने दीनानाथ दलालांपासून आजवरचे कितीतरी चित्रकार उभे राहिले, ती कामं डोळ्यांदेखत कमी होत आहेत. यात तरुणांची पोटाची चिंता खरी आहे आणि तिला ‘कला अमर आहे’ असं उत्तर देणं निर्दयपणाचं आहे. पण चोपडीतल्या त्या पिवळ्या रंगाकडे पुन्हा पाहा. चौथ्या दिवशी जे कळलं ते तीन दिवस चुकल्यामुळे कळलं. चित्र मिळणं आणि चित्र करताना माणूस घडणं या दोन गोष्टी आहेत. दुसरी यंत्राकडे सोपवता येत नाही, कारण ती वस्तूच नाही. दुसरं कारण साधं आहे. मुंबई-पुण्यात जागा राहिलेली नाही. उजेडाची एक खोली, भिंतीकडे तोंड करून ठेवलेले कॅनव्हास, महिनाभर कोणी हात लावणार नाही असं टेबल, एवढं मिळवण्यातच आज एखाद्या तरुण शिल्पकाराची दहा वर्षं जातात. आधीच्यांनी ही खोली कशी मिळवली, कोणाकडून मिळवली, आणि नाही मिळाली तेव्हा काय केलं, हे त्याला माहीत असलं पाहिजे.

या संग्रहात काय आहे आणि काय नाही, तेही सांगतो. इथे कलेचा इतिहास क्रमाने नाही. त्यासाठी सुहास बहुळकर आणि दीपक घारे यांनी संपादित केलेला ‘शिल्पकार चरित्रकोशा’चा दृश्यकला खंड जवळ ठेवावा. चित्र कसं समजून घ्यावं याचे धडेही इथे नाहीत. लेखन कालक्रमाने न लावता विषयाप्रमाणे शेजारी शेजारी ठेवलं आहे: उजेडाबद्दलचं उजेडाशेजारी, नोकरीबद्दलचं नोकरीशेजारी, काम अडण्याबद्दलचं अडण्याशेजारी. त्यामुळे ज्यांची कधी भेट झाली नाही असे दोन चित्रकार एकाच अडचणीवर बोलताना दिसतील आणि त्यांचं बहुतेक वेळा जमणार नाही. मतभेद मी मिटवलेले नाहीत. एकाला नोकरीने मारलं, दुसऱ्याला नोकरीने वाचवलं, आणि दोघांचंही म्हणणं खरं आहे. काही वह्यांतलं शुद्धलेखन मूळचंच ठेवलं आहे. ज्यांनी कधी लिहिलं नाही, त्यांच्यापैकी काहींशी मी बोललो आणि ते बोलणं त्यांच्याच शब्दांत दिलं आहे. स्त्रियांचं लेखन मला हवं होतं त्यापेक्षा कमी मिळालं. पुष्कळ वेळा वह्याच नव्हत्या. चित्र काढायला वेळ मिळायचा तो रात्री साडेदहानंतर, त्यात लिहायचं कधी, असं एकीने मला विचारलं. तो प्रश्नही संग्रहात आहे.

शेवटी एक विनंती. वाचकांपैकी कोणाच्या घरात, आजोळी, शेजारी, एखादा चित्रकार, मूर्तिकार, साइनबोर्ड रंगवणारा, ड्रॉइंग मास्तर होऊन गेला असेल. त्यांची चित्रं तुम्ही जपली असतीलच. माळ्यावर एखादी ट्रंक असेल तर ती खाली काढा. आत वह्या, डायऱ्या, पोस्टकार्डं, बिलांच्या पाठीवरची टिपणं सापडतील. रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी ती एकदा शांतपणे वाचा. हिशेबाची पानं फाडू नका.